डोलकाठीचे क्षरण : कारणे आणि प्रतिबंध

टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) येथील ऑलिम्पिकमध्ये विष्णू सरवणन यांनी ज्या वर्गातील एकशिडी होडीतून भारताचे प्रतिनिधित्व केले, तिच्या डोलकाठीचा खालचा भाग ॲल्युमिनियमच्या नळीचा असतो. बूम जोडण्याचा खुंटा, बूमला खाली ताणणाऱ्या दोरीची कडी अशी फिटिंग्ज तिच्यावर रिव्हेटांनी बसवलेली असतात. नळी अनेक वर्षे टिकते. बिघाडाची सुरुवात बहुधा या रिव्हेटांभोवती होते. नौकानयनाचे प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांच्या दृष्टीने हा खर्चाचा, तसाच मुलांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील या दोन्ही धातूंवर ऑक्साइडचा संरक्षक थर असतो. मात्र समुद्राच्या पाण्यात त्यांच्या विद्युतविभवांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक पडतो. दोन्ही धातू एकमेकांना टेकले आणि खारा ओलावा मिळाला की लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. किनाऱ्यालगतच्या घरांत खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटींवर स्क्रूभोवती जमणारी पांढरी भुकटी अशाच क्षरणाची खूण होय.

मोठ्या ॲल्युमिनियमवर छोटा स्टीलचा तुकडा असल्यास झीज सर्वत्र विभागली जाते व मंद राहते, असा सर्वसाधारण नियम आहे. तो पाण्यात बुडालेल्या भागास लागू पडतो. डोलकाठीवर केवळ ओलाव्याचा पातळ थर असल्याने प्रवाह दूरवर पसरत नाही आणि सारी झीज छिद्राच्या कडेला काही मिलिमीटरांत एकवटते. मोठ्या नौकांच्या तळाला लावलेले जस्ताचे ठोकळेही याच कारणाने डोलकाठीला वाचवू शकत नाहीत. छिद्राच्या कडेवर मुळातच ताण अधिक असतो. तेथे धातू क्षीण झाला की जोराच्या वाऱ्यात काठी नेमकी तेथेच मोडते.

उपाय एकच : दोन धातूंचा परस्परसंपर्क तोडणे. फिटिंगखाली त्याच आकाराचा नायलॉनचा पातळ पत्रा घालावा. छिद्राच्या कडा घासून, धातूचा कीस काढून त्यांवर प्रायमर लावावा, कारण छिद्र पाडताना ॲनोडायझिंगचा थर तुटलेला असतो. रिव्हेट वा स्क्रू बसवण्यापूर्वी त्यास रोधक लेप द्यावा. क्रोमेटयुक्त लेप प्रभावी असले तरी त्यांतील षट्संयोजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. मुलांचा वावर असलेल्या ठिकाणी लॅनोलिनसारखा पर्यायच बरा. हलक्या भारासाठी ॲल्युमिनियमचे रिव्हेट वापरावेत. भार जास्त असेल तेथे निकेल-तांब्याच्या मोनेल या मिश्रधातूचे रिव्हेट चालतात. पण मोनेल समुद्रात टिकतो म्हणून लेपाची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. टिकतो तो मोनेल, भोवतालचे ॲल्युमिनियम नव्हे. तांबे व पितळ मात्र पूर्णतः टाळावे. तांब्यावरून ओघळलेले पाणीसुद्धा ॲल्युमिनियमवर तांब्याचे कण सोडून त्यास खड्डे पाडते.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या शेडमध्ये ठेवल्या की धोका टळला असे वाटते. प्रत्यक्षात सांध्यांत उरलेले मीठ हवेतील ओलावा शोषत राहते आणि क्षरण चालूच राहते. म्हणून हंगामाअखेर डोलकाठी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी किंवा रंगाचा फुगवटा दिसल्यास त्यावर नवा रंग न चढवता रिव्हेट काढून छिद्र तपासावे. ते मोठे झाले असल्यास किंवा कडेला चीर गेली असल्यास ती नळी वापरातून काढावी.