रमाबाईंची मधली आठ वर्षं

आईची तिरडी उचलायला चौथा माणूस मिळेना, तेव्हा सोळा वर्षांच्या रमेने ती बाजू धरली. उंची कमी, खांदा पोचेना. म्हणून दांडी डोक्यावर घेऊन ती स्मशानापर्यंत सुमारे तीन मैल चालली. हे १८७४ सालच्या दुष्काळातलं. आई शेवटच्या घटका मोजत असताना ती एका ब्राह्मण बाईच्या दारात उभी राहिली होती. मागायची सवय नव्हती, तोंडातून शब्द फुटेना. बाजरीच्या भाकरीचा तुकडा मिळाला, पण तो घेऊन परतली तोवर आईला घास गिळायचंही त्राण उरलं नव्हतं.

थोड्याच दिवसांपूर्वी वडील, अनंतशास्त्री डोंगरे, गेले होते. पुढे थोरली बहीण कॉलऱ्याने गेली. उरलेली दोघं भावंडं देशभर पायी भटकली. झेलमच्या काठी अंगावर पुरेसं पांघरूण नसल्याने त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि मान तेवढी वर ठेवून स्वतःला झाकून घेतलं. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ साली नवराही कॉलऱ्याने गेला, तेव्हा लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती आणि लेक मनोरमा अजून रांगण्याच्या वयाची होती.

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली. त्यांची विद्वत्ता सगळ्यांना ठाऊक असते, पण होरपळलेल्या माणसाने वाचावी ती ही साक्ष. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथे संपायला हवी होती, अशी आपली समजूत. रमाबाई मात्र स्वतःच कबूल करतात की धर्म स्वीकारला, थोडं समाधानही मिळालं, तरी ख्रिस्ताची ओळख व्हायची राहिलीच होती. ती झाली १८९१ च्या सुमाराला. आपल्या बुद्धीवर, पुण्याईवर किंवा धडपडीवर काही अवलंबून नाही, आपल्याला जसं आहे तसं पत्करलं गेलं आहे, हे त्यांच्या मनात तेव्हा उतरलं.

मधे आठ वर्षं गेली, आणि ती त्यांनी लपवली नाहीत.

दुःखातली बाई प्रार्थनेला येऊन बसली की आपण लगेच सांगतो, विश्वास ठेव, विसरून जा. सहा महिन्यांनी ती रात्री दचकून उठतेच, आणि मग आपला विश्वास कमी पडला म्हणून स्वतःलाच दोष देते. हा दुसरा घाव आपण घालतो. अशा वेळी रमाबाईंची आठ वर्षं तिच्यापुढे ठेवावीत. तिला डॉक्टरांकडे जायचं असेल तर सोबत जावं. त्याने प्रार्थना उणी होत नाही.

आणि विसरण्याचं म्हणाल, तर रमाबाई काहीच विसरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींची हकिकत कळली, तेव्हा त्यांना जागं केलं ते स्वतःच्या भुकेच्या आठवणीने. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावात उभ्या राहिलेल्या ‘मुक्ती’ या त्यांच्या आश्रमात आधी जेवण आणि औषधपाणी होतं. मग माग, शेती, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल आली. ज्या हातांनी भाकरीचा एक तुकडा उशिरा पोचवला होता, त्याच हातांनी आता पंगती वाढल्या. मला वाटतं, रमाबाईंची जखम भरत गेली ती इथे, प्रार्थनेइतकीच या कामात.

मरण मात्र त्यांच्या वाटेतून हटलं नाही. १९२१ साली चाळिशीतली मनोरमा गेली. रमाबाईंपुढे तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. लेकीच्या मागे त्या पुन्हा त्या कागदांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल १९२४ साली निघालं, मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्या बायकांनी खिळे जुळवून.