पाचोळ्याचं पोतं

कोल्हापूर

चि. सई,


तुझा फोन आला तेव्हा तव्यावर पोळी होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. बाल्कनीतल्या खताच्या बादलीत अळ्या झाल्या, वास सुटला, खालच्या काकू बोलून गेल्या आणि आता तू ते सगळं कचऱ्याच्या गाडीत ओतून मोकळी होणार. चार दिवस थांब.

आधी वास कसला येतो ते बघ. मुतारीसारखा झणका नाकात बसत असेल तर पाचोळा कमी पडलाय. सडक्या अंड्यासारखा असेल तर तळाला पाणी साचून हवा कोंडलीय. औषध दोन्हीला एकच. बादली जुन्या वर्तमानपत्रावर उपडी कर, काठीनं सैल कर, कोरडा पाचोळा मिसळून परत भर. मूठभर घेऊन दाबलंस तर एखादा थेंब यावा, धार लागू नये. आणि तळाला भोकं आहेत ना? नसतील तर आजच पाड.

खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे 25 ते 30 भाग लागतात. भाजीच्या देठांत आणि चहाच्या चोथ्यात नत्र पुष्कळ, कर्ब मात्र वाळल्या पानांत. तू त्यांना नुसतं कालवण वाढतेस, भाकरी देतच नाहीस. एक वाटी ओल्यावर दोन वाट्या पाचोळा, रोज. कल्चरच्या पावडरीवर पैसे घालवू नकोस. दही लावताना विरजण घालतेस ना, तशी जुन्या खताची एक मूठ पुरते, माझ्याकडून ने.

अळ्या मातकट रंगाच्या, चपट्या आहेत का? मग बहुतेक त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. ती माशी चावत नाही, घरमाशीसारखी ताटाभोवती घोंगावतही नाही, आणि अळ्या कचरा भराभर फस्त करतात. दिसायला किळसवाण्या खऱ्या. वर दोन बोटं पाचोळा पसर, म्हणजे तुलाही दिसणार नाहीत आणि काकूंनाही.

मी शहाणी होते असं समजू नकोस. पहिल्या वर्षी आमरसाच्या पंगतीनंतर साली, कोयी, उरलेला रस, सगळं एका पिंपात लोटलं आणि झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या दिवशी तुझ्या काकांनी विचारलं, घरात काय मेलंय?

तेव्हा हातात पाचोळा नव्हता, खरी चूक ती. पानगळ माघ-फाल्गुनात होते आणि गरज पडते आषाढात. म्हणून फेब्रुवारीतच दोन पोती भरून कोरड्यात ठेवायची. तुमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशी पानं पेटवतात म्हणालीस. त्यांना रिकामं पोतं देऊन ठेव. गुलमोहराची पानं उत्तम. बदामाची असतील तर चुरडून घाल, नाहीतर ती पत्रावळीसारखी एकावर एक बसतात. यंदापुरतं सुताराकडून भुस्सा आण, पण प्लायवुडचा नको.

आपल्या कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयोग परिवारात द्राक्षबागायतदारसुद्धा स्वतःच्या बागेत करून बघायचे, नोंद ठेवायचे आणि एकमेकांना सांगायचे. तूही एक वही कर. काय घातलं, वास कसा, गरम लागतंय का, एवढंच लिही. फोटो काढून जगाला दाखवायची घाई नको. बांबूचा ब्रश आणि स्टीलचे स्ट्रॉ विकत घेणंही तूर्त राहू दे. त्यापेक्षा भात मोजून लाव. उरलेला भात बादलीत जातो आणि पहिला तोच आंबतो.

आणि बादली कचऱ्याच्या गाडीत ओतून द्यायचंच वाटलं, तर उरुळी देवाची आणि फुरसुंगी आठव. पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या तिथल्या लोकांनी का अडवल्या, हे तुमच्या शहराला सांगायला नको.

उकिरड्याचे पांग फिटायला बारा वर्षं लागतात म्हणतात. बादलीला तीन महिने दे. गणपतीला येशील तेव्हा डब्यातून मूठभर घेऊन ये, वास घेऊन सांगते. डबा मात्र पोळ्यांचा नको.

तुझी,
आत्या