कोळी चावला, की आणखी काही?

सकाळी उठल्यावर हातावर किंवा मानेवर लाल चट्टा दिसला, की घरातील मोठी माणसे चटकन म्हणतात, "रात्री कोळी चावला असेल." मग कोणी चुना लावतो, कोणी हळद, आणि भिंतीवरचा एखादा कोळी झाडूखाली मरतो. पण कोळ्याला चावताना कोणी पाहिलेले असते काय? बहुधा नाही. तेव्हा या आरोपात तथ्य किती, ते आज आपण तपासून पाहू.

विष आहे, पण कोणासाठी?

कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. त्याच्या शरीराचे शिरोवक्ष आणि उदर असे दोनच भाग असतात. तोंडापाशी दोन विषदंत असतात व त्यांच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून विष बाहेर येते. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. थोडे अपवाद सोडल्यास या सर्वांजवळ विष असते.

हे वाचून दचकू नका. कोळ्याला घन अन्न गिळता येत नाही. तो भक्ष्याला विषाने लुळे करतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेला भाग शोषून घेतो. म्हणजे हे विष माशी, झुरळ, नाकतोडा अशा भक्ष्यासाठी आहे. माणूस हे काही त्याचे भक्ष्य नव्हे. खर्च झालेले विष पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून कोळी आधी पळतो, आणि अगदी चिरडला जाऊ लागला तरच चावतो. शिवाय बहुतेक लहान कोळ्यांच्या विषदंतांना आपली कातडी भेदताही येत नाही.

आपले शेजारी

निगडी, भोसरी किंवा चाकण, कुठल्याही घरात थोडे शोधले तर तीन प्रकारचे कोळी सहज सापडतील. छताच्या कोपऱ्यात विस्कटलेले जाळे करणारा, लांब काटकुळ्या पायांचा कोळी धक्का लागताच जाळ्यासकट थरथरू लागतो. दुसरा उड्या मारणारा कोळी. हा शिकारीसाठी जाळे विणत नाही. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी माशी हेरतो आणि झेप घेतो. तिसरा मोठा, चपटा, तपकिरी कोळी. पाय पसरले, तर तो जवळजवळ तळहाताएवढा होतो. हा रात्री झुरळे खातो. त्याची मादी अंड्यांची चपटी पिशवी पोटाखाली धरून हिंडते. त्याला हाताने दाबले तर तो चावतो. वेदना आणि सूज येते, पण ती लवकरच उतरते.

पावसाळ्याच्या अखेरीस झुडपांत आणखी एक कोळी दिसतो. त्याच्या गोल जाळ्याच्या मध्यावर फुलीसारखे पांढरे नागमोडी पट्टे असतात. तोही निरुपद्रवी आहे.

मात्र दोघांपासून जपून राहावे. सह्याद्रीच्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांपैकी काहींच्या दंशाने स्नायूंत पेटके येतात. दुसरा म्हणजे 'ब्राऊन विडो' हा तपकिरी कोळी. त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूस वाळूच्या घड्याळासारखी नारिंगी खूण असते. त्याच्या अंड्यांच्या पिशवीवर धोतऱ्याच्या फळासारखे काटे दिसतात. भारतातून त्याची पहिली नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. मालाच्या वाहतुकीबरोबर तो जगभर पसरला आहे. म्हणून गोदामातील जुनी खोकी किंवा लाकडी फळ्या उचलताना हातमोजे घालावेत.

मग तो चट्टा कशाचा?

पावसाळ्यात रात्री दिव्याकडे पेडेरस नावाचा छोटा भुंगेरा येतो. तो जेमतेम एक सेंटिमीटर लांब असून त्याच्या अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे असतात. तो चावतही नाही आणि डंखही मारत नाही. पण अंगावर चिरडला गेला, की त्याच्या शरीरातील दाहक द्रव कातडीला लागतो. साधारण एका दिवसाने तेथे चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा उमटतो आणि फोड येतात. कोपराच्या घडीत तर समोरासमोर दोन सारखे डाग दिसतात. यावर उपाय सोपा आहे: भुंगेऱ्याला फुंकरीने उडवावे आणि ती जागा साबणाने धुवावी.

ओळीने तीन-चार गांधी उठल्या, तर ढेकणाचा संशय घ्यावा. शरीराच्या एकाच बाजूला आग होऊन फोडांचा पट्टा आला, तर ती बहुधा नागीण असते. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि पुन्हा डोके वर काढतो, त्यामुळे नागीण होते. तिच्यावरील औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्यास अधिक उपयोग होतो. कोळ्याला दोष देत बसलो, तर ते दिवस वाया जातात.

याहून मोठा धोका मण्यार सापाचा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात, की खूण जेमतेम दिसते. दुखतही फारसे नाही. घरचे म्हणतात, "किडा-कोळी काहीतरी असेल, झोप." तोवर विष मज्जातंतूंपर्यंत पोचलेले असते. पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वास अडकतो. यांपैकी एकही लक्षण दिसले तर चुना-हळद शोधू नका. रोग्याला धीर द्या, हालचाल करू देऊ नका. जखम कापू नका, विष तोंडाने चोखू नका, दोरी आवळू नका. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा आणि त्याला सरळ रुग्णालयात न्या. मण्यारीच्या विषावर प्रतिविष उपलब्ध आहे. हाफकिन संस्थेच्या पिंपरी येथील शाखेत घोड्यांच्या साहाय्याने असे प्रतिविष अनेक वर्षे तयार होत आले आहे. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली, तर डास आणि साप दोन्हींपासून बचाव होतो.

तुम्ही काय कराल?

कोळ्यांचा अभ्यास तुमच्या परिसराला नवा नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीलाच आहे. या संस्थेचे डॉ. बी. के. टिकादर यांनी पुण्यात राहून अनेक कोळ्यांचा अभ्यास केला. भारतीय कोळ्यांवरील त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला.

तुम्हीही एक वही करा. घरात कोळी दिसला की त्याला हात न लावता तारीख, जागा, जाळ्याचा आकार आणि त्याने पकडलेले भक्ष्य लिहून ठेवा. कोळी घराबाहेर सोडायचा असेल, तर त्याच्यावर पेला पालथा घाला आणि खालून पुठ्ठा सरकवा. आणि पुन्हा कोणी "कोळी चावला" म्हणाले, तर आधी विचारा: चावताना कोणी पाहिले? त्या एका प्रश्नामुळे कधी कोळ्याचा जीव वाचेल, तर कधी माणसाचा.