सायलेन्सर, जेट आणि पेट्रोलचा हिशेब

सांगली-पेठ रस्त्यावर वसलेले आष्टा हे वाळवा तालुक्यातील उसाच्या पट्ट्याचे गाव होय. अशा गावांत मोटारसायकल हे चैनीचे साधन राहिलेले नाही. भाजीवाला, कापडाची गाठोडी घेऊन फिरणारा विक्रेता, अंडी-कोंबडीचा व्यापारी, गवंडी, फिटर, वेल्डर या साऱ्यांचे पोट दोन चाकांवर चालते. याच रस्त्यालगतच्या गावागावांतून मोटारसायकल दुरुस्तीची छोटी दुकाने आहेत आणि त्यांत आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. म्हणून या आठवड्यात आम्ही अशा एका प्रश्नाकडे वळत आहोत, ज्याचा संबंध गिऱ्हाइकाच्या खिशाशी आहे आणि कारागिराच्या सचोटीशीही आहे. सायलेन्सर बदलला, फिल्टर मोकळा केला, जेट बदलले, तर गाडीचे ॲव्हरेज वाढते काय?

तरुण गिऱ्हाईक दुकानात येते आणि म्हणते, "भाई, आवाजही आला पाहिजे आणि ॲव्हरेजही वाढले पाहिजे." पुष्कळ ठिकाणी त्याला होकार मिळतो. आमचे उत्तर मात्र प्रथमच स्पष्ट सांगून टाकतो. रोजच्या वापराच्या गाडीत सायलेन्सर बदलून पेट्रोल वाचत नाही, बहुधा ते जास्तच जळते. जे ॲव्हरेज वाढते ते गाडी कंपनीने ठरवलेल्या मापावर परत आणल्याने वाढते. असे का, हे समजून घेणे कारागिराच्या फायद्याचे आहे.

हवा आणि पेट्रोल यांचे माप

एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर मिश्रण थोडे दाट, म्हणजे साडेबारा ते तेरा भाग हवेच्या आसपास लागते. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना मिश्रण थोडे पातळ असले तरी चालते व त्यातच बचत होते. ताकद आणि बचत यांची मापे अशी वेगवेगळी आहेत. एकाच जेटमधून दोन्ही पुरेपूर मिळतील, असे सांगणारा माणूस स्वतः फसलेला आहे किंवा दुसऱ्याला फसवीत आहे.

"सायलेन्सर मोकळा केला की इंजिनाला श्वास घेता येतो, म्हणून पेट्रोल कमी लागते," हा युक्तिवाद आपण वारंवार ऐकतो. त्यात सत्याचा अंश आहे, पण तो शर्यतीच्या गाडीपुरता. शर्यतीत थ्रॉटल पूर्ण उघडी असते. आष्ट्याहून सांगलीला ताशी 45 किलोमीटरने जाताना इंजिन आपल्या पूर्ण ताकदीचा लहानसा भागच वापरते आणि थ्रॉटल बरीचशी मिटलेली असते. इंजिनाचा श्वास त्या वेळी मिटलेल्या थ्रॉटलपाशीच अडतो, सायलेन्सरपाशी नव्हे. पुढचे दार अर्धे बंद ठेवून मागची भिंत पाडल्याने घरात जास्त वारा येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

उलट, कंपनीच्या नळीची लांबी, व्यास आणि आतली पुंगळी यांचा मेळ कमी फेऱ्यांवर ओढ मिळावी असा घातलेला असतो. पुंगळी काढली की तो मेळ बिघडतो. खालची ओढ कमी होते, चालक मूठ जास्त पिळतो, एक गिअर खाली ठेवतो आणि पेट्रोल तिथेच जाते.

कार्बोरेटरच्या गाड्या

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या अजूनही आपल्या भागात भरपूर आहेत. अशा गाडीला इंदोरी किंवा दुसरा मोकळा सायलेन्सर लावला की बहुधा मिश्रण पातळ पडते. मूठ सोडल्यावर फटाके वाजतात, इंजिन जास्त तापते. मग कारागीर मेन जेट मोठे घालतो, निडल एक खाच वर घेतो. गाडी गुळगुळीत चालू लागते, गिऱ्हाईक खूश होते. पण मोठ्या जेटातून जाणारे पेट्रोल त्याच्याच खिशातून जाते, हे त्याला महिनाअखेरीस कळते. तरुणांना आवडणारा फटाका म्हणजे तरी काय? सिलिंडरमध्ये जळायला हवे होते ते पेट्रोल नळीत जळणे.

याच्या उलट चूकही होते. ॲव्हरेज हवे म्हणून जेट लहान करायचे किंवा एअर स्क्रू वाटेल तसा फिरवायचा. काही दिवस पेट्रोल वाचल्यासारखे वाटते. पण फार पातळ मिश्रणाने इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळतो, पिस्टन धरतो. 500 रुपयांचे पेट्रोल वाचवण्यासाठी हाफ इंजिनाचे काम ओढवून घेणे हा व्यापार नव्हे.

मूळ एअर फिल्टर काढून उघडा गोल फिल्टर लावण्याची हौस तर आपल्या भागात अधिकच महाग पडते. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांची माती रस्त्यावर पडते आणि वाळून धूळ होते. ती धूळ हलक्या प्रतीच्या फिल्टरमधून थेट सिलिंडरमध्ये जाते, रिंगा व बोअर घासतात आणि गाडी तेल जाळू लागते.

दोन स्ट्रोकची गोष्ट

यामाहा आरएक्स 100 ही गाडी 1985 मध्ये भारतात आली आणि 1996 पर्यंत बनत होती. हौशी लोक ती अजूनही जिवापाड जपतात. या गाडीचा सायलेन्सर केवळ आवाज दाबत नाही. त्याच्या फुगीर नळीतून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. नळीचे माप बदलले की ती लाट चुकीच्या वेळी परतते आणि कच्चे पेट्रोल धुराबरोबर बाहेर जाते. म्हणून दोन स्ट्रोकच्या गाडीत पत्रा कापून वेल्डिंग करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

बीएस-6 गाड्या

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाली आणि साध्या मोटारसायकलीतही फ्युएल इंजेक्शन आले. येथे जेट नाही. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो, तो जळालेला वायू तपासतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल ठरवतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही त्याच नळीत असतो.

आता पाहा काय होते. नवी नळी नीट बसली नाही किंवा गॅस्केट फुटके राहिले, तर सांध्यातून बाहेरची हवा आत येते. सेन्सरला वाटते मिश्रण पातळ आहे आणि संगणक पेट्रोल वाढवतो. इंजिन निर्दोष असूनही ॲव्हरेज घसरते. बाजारात मिळणारे ट्यूनिंगचे डबे लावले तर ते बहुधा ताकदीसाठी मिश्रण दाट करतात. बचत हा त्यांचा हेतूच नसतो. म्हणून बीएस-6 गाडीचे ॲव्हरेज घसरल्याची तक्रार आली, तर पहिली नजर सायलेन्सरच्या सांध्यावर टाकावी.

स्प्रॉकेटचा फसवा हिशेब

ओढ वाढावी म्हणून पुढचे स्प्रॉकेट एक दाता कमी करण्याची पद्धत आहे. यात एक गंमत दडलेली आहे. ज्या गाड्यांचा मीटर पुढच्या चाकाच्या केबलवर चालतो, त्यांना फरक पडत नाही. परंतु ज्यांचा मीटर गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरवरून वेग मोजतो, त्यांत गाडी प्रत्यक्ष चाललेल्या अंतरापेक्षा मीटर जास्त अंतर दाखवतो. पुढे 15 दात्यांऐवजी 14 दात्यांचे स्प्रॉकेट घातले, तर प्रत्यक्ष 100 किलोमीटर जाताना मीटरवर सुमारे 107 उमटतात. गिऱ्हाईक भागाकार करते आणि समजते ॲव्हरेज वाढले! वास्तविक इंजिनाच्या फेऱ्या वाढल्याने पेट्रोल जास्तच जळालेले असते. मागे जाड टायर घातला तर रस्त्याची घासण वाढते, तो खर्च निराळाच.

पैशातील हिशेब

रोज येऊन-जाऊन 50 किलोमीटर फिरणारा एक व्यापारी धरू. वर्षाचे 300 दिवस धरले तर 15,000 किलोमीटर झाले. गाडी 60 चे ॲव्हरेज देत असेल तर त्याला 250 लिटर पेट्रोल लागेल. तेच बदल करून 50 वर आले तर 300 लिटर लागेल. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला 100 रुपये धरले, तरी वर्षाला 5,000 रुपये धुरात गेले. सायलेन्सरची किंमत वेगळी.

शिवाय कायद्याची टांगती तलवार आहेच. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज व धुराच्या मानकांचा भंग झाल्यास पहिल्या गुन्ह्यालाही 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद आहे. मूळ बनावटीत बदल करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये दिला. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

इथेनॉलचा भाग

अलीकडे एक तक्रार वाढली आहे, "मिस्त्री, काही न करता ॲव्हरेज उतरले." याचे एक कारण पेट्रोलमध्येच आहे. आता पंपावर सर्रास 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते इथेनॉल बऱ्याच अंशी आपल्याच भागातील उसासारख्या पिकापासून बनते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज यामुळे 3 ते 4 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे 60 चे 58 झाले तर गाडीत दोष नाही. ते गिऱ्हाइकाला समजावून सांगावे, त्याच्या अज्ञानावर नवा सायलेन्सर विकू नये. जुन्या गाडीच्या पेट्रोल नळ्या व रबरी भाग मात्र तपासावेत. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण व त्याचे रबर नीट असल्याची खात्री करावी.

खरी बचत कोठे आहे

आता कारागिरांनी काय करावे ते क्रमाने सांगतो.

1. दोन्ही टायरांची हवा कंपनीच्या मापाप्रमाणे भरावी. सर्वांत स्वस्त बचत हीच आहे.
2. गाडी मधल्या स्टँडवर लावून चाके हाताने फिरवावीत. ब्रेक घासत असेल तर बाकी सारी मेहनत वाया जाते.
3. एअर फिल्टर कंपनीच्या प्रतीचाच ठेवावा व धुळीच्या दिवसांत लवकर बदलावा.
4. प्लगची फट, टॅपेट, क्लचची मोकळीक आणि चेनची ढील पुस्तिकेतील मापाने ठेवावी, अंदाजाने नव्हे.
5. ऑइल सांगितलेल्या प्रतीचेच घालावे.
6. गिऱ्हाइकाला वेगाविषयी सांगावे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 40 वर जेवढा विरोध असतो, त्याच्या चौपट 80 वर होतो.

ॲव्हरेज मोजतानाही बाटलीभर पेट्रोलवर चार किलोमीटर फिरून निकाल देऊ नये. वाऱ्याची दिशा आणि चढ-उतार एवढ्या अंतरात हिशेब सहज चुकवतात. टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरावी, नेहमीच्या रस्त्यावर दोनशे किलोमीटर तरी चालवावी आणि त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरावी. 212 किलोमीटरला 4 लिटर बसले, तर ॲव्हरेज 53. हा आकडा कामाआधी आणि कामानंतर वहीत लिहून ठेवावा.

कारागिराची अमानत

गिऱ्हाईक गाडी दुकानात सोडून जाते तेव्हा ती आपल्याकडे अमानत असते. मापात कसूर करणाऱ्यांविषयी कुरआन शरीफमध्ये सूरह मुतफ्फिफीन आहे. ती केवळ तराजूवाल्यांसाठी आहे असे समजू नये. जेट हेही माप आहे, आणि "ॲव्हरेज वाढेल" हा शब्दही माप आहे. सहीह मुस्लिममधील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आपल्या धंद्यात ओले धान्य वर ठेवणे म्हणजे पाना हातात घेण्यापूर्वी सांगणे की, "दादा, यात आवाज येईल, पण पेट्रोल जास्त जाईल आणि पोलीस धरतील."

असे सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक जाईल, हे खरे. पण फटाक्याचा सायलेन्सर बसवून घेणारा मुलगा एकदाच येतो. ज्या व्यापाऱ्याची गाडी 50 वरून 58 वर आणून दिली, तो दर तीन महिन्यांनी येतो आणि भावालाही घेऊन येतो. आमची कारागीर बंधूंना सूचना आहे की, दुकानात एक साधी वही ठेवावी. गाडीचा क्रमांक, आल्या दिवशीचे ॲव्हरेज, केलेले काम आणि नंतरचे ॲव्हरेज, असे चार रकाने पुरेत. त्या वहीतील आकडे दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणतील.