भाता माझा, श्वास गाणाऱ्याचा

आमच्या वेल्ह्याकडे पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगतात. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, माझ्या जिभेवर अजून वेल्हंच आहे.) तोरण्यावर ढग उतरले की भजनी मंडळाची पेटी मुकी व्हायची, आणि वडील ती घोंगडीत गुंडाळून चुलीमागच्या फळीवर ठेवायचे. त्या पेटीपासून चेलाडी फाटा, तिथून एसटीने पुणे, आणि पुण्याहून गवयांच्या मागे बसून देशोदेशी. पियानोवादक एकटा रंगमंचावर येतो. मी कायम कुणाच्या तरी डाव्या हाताला बसलो. तिथून जे दिसलं, ते इथे मांडतो आहे.

१. साथ म्हणजे पाठलाग नव्हे, हे कळायला मला बारा वर्षं लागली. सुरुवातीला गाणाऱ्याने तान घेतली की तीच तान तितक्याच वेगात मागून काढून दाखवण्यात मला धन्यता वाटायची. टाळ्याही पडायच्या. मग परदेशातल्या एका मैफलीत एका ज्येष्ठ गायिकेने मारवा मांडला. मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावर येणं जितकं लांबवावं तितकी हुरहूर वाढते. त्या कोमल ऋषभ आणि धैवतावर रेंगाळत होत्या, आणि मी सवयीने प्रत्येक विरामात षड्ज धरून बसलो होतो. नंतर विंगेत त्या हळूच म्हणाल्या, ‘‘मी षड्ज लपवत होते हो. तुम्ही तो आधीच देऊन टाकलात.’’ आवाजात राग अजिबात नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी पेटी उघडली, भाता भरला, आणि बराच वेळ एकही पट्टी न दाबता बसून राहिलो.

२. पियानोवाला रिकाम्या हाताने येतो, ही गोष्ट मला फार दिवस सोपी वाटली होती. जर्मनीतल्या एका सभागृहात आमच्या बैठकीसाठी मोठा पियानो बाजूला सारून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान न्यायला गेलो, तेव्हा त्या रात्रीचा वादक सराव करत होता. मी मागच्या रांगेत टेकलो. तो एकच पट्टी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वजनाने दाबून पाहत होता. त्याला ते वाद्य नवीन होतं. प्रत्येक गावात नवा पियानो, आणि एका सकाळीत त्याच्याशी ओळख करून घ्यायची. होरोविट्झ १९८६ साली मॉस्कोला वाजवायला गेले तेव्हा स्वतःचा पियानो बरोबर घेऊन गेले होते; पण ती चैन किती जणांना जमणार? मी माझी पेटी विमानतळांवरून पोटाशी धरून वाहत होतो आणि मनात कुरकुरत होतो. त्या सकाळनंतर कुरकुर थांबली.

आणखी एक दिसलं. पियानोत हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून तो स्वर विझायला लागतो. विझणाऱ्या स्वरांतून तो माणूस गाणं उभं करत होता. माझा स्वर भाता चालेल तोवर जगतो. त्याला आवाज टिकवण्याची चिंता, मला तो वेळेवर सोडण्याची.

३. गंधाराने मला सगळ्यात जास्त नम्र केलं. तरुणपणी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर घातलेल्या बंदीचा विषय निघाला की माझं रक्त तापायचं. गोविंदराव टेंब्यांनी जिला मैफलीत मान मिळवून दिला, ती पेटी रेडिओला चालत नव्हती. ती बंदी उठायला १९७१ उजाडलं. आक्षेप असा की पेटीत मींड नाही, आणि तिचे बारा सूर पाश्चात्त्य मापाने समान अंतरावर बांधलेले. मला तो निव्वळ आकस वाटायचा.

पण तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, हे ज्याने ऐकलंय त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. तो स्वयंभू गंधार आणि पेटीचा गंधार एक नाहीत. पेटीचा सुमारे चौदा सेंट चढा असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. ऐकायला थोडे वाटतात. उत्तम तंबोऱ्यांच्या जोडीत, शांत सभागृहात, भूपाचा गंधार गायकाने लावला आणि मी त्यावर माझा ठेवला, तेव्हा ते चौदा भाग मला कुसळासारखे टोचले. पियानोचंही दुखणं हेच आहे, पण त्याच्या संगीताने ते मोजूनमापून पत्करलेलं आहे. आमच्यावर ते पेटीबरोबर आलं.

मग काय करायचं? एका गायकाच्या षड्जाला धरून पेटी लावून घेता येते, पण आज काळी एक आणि उद्या काळी चार, म्हणजे ती सोय गेली. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली, त्या ध्यासापुढे मी हात जोडतो. माझ्यापुरतं मी इतकंच शिकलो, की भूपात, यमनात गायक गंधारावर थांबला की मी तिथे जात नाही. पंचमावर किंवा षड्जावर हलका हात ठेवतो आणि तो गंधार त्याचा त्याला राहू देतो. बंदी अन्यायाचीच होती, असं मी आजही म्हणेन. आक्षेप मात्र खरा होता.

४. थंडी पावसापेक्षा वाईट. शिकागोच्या जानेवारीत हीटरच्या कोरड्या हवेने लाकूड आकसलं आणि भाता हवा सोडू लागला. तेव्हापासून पेटीच्या खोक्यात ओलसर फडकं ठेवतो. सूर घासायची पातीही जवळ असते: टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. हे काम घाईत करू नये. घासलेलं पितळ परत येत नाही.

५. सगळेच श्रोते रागासाठी येत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळात तोडी संपल्यावर एक आजी जवळ आल्या. ‘‘तुम्ही भोरकडचे ना? माझं माहेर भोर.’’ मग राजवाड्यातली रामनवमी, नीरेचं पाणी, भाटघरच्या धरणावर काढलेली सहल. तोडीबद्दल एक शब्द नाही. माझ्या बोलण्यातला ‘तिकडं’ त्यांनी माइकवरून पकडला होता आणि दोन तास तोच ऐकत बसल्या होत्या. जाताना त्यांनी माझ्या पेटीवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

६. गावच्या सप्ताहात माझी कारागिरी कामाला येत नाही. मंडळ काळी पाचमध्ये सूर लावतं. पन्नास टाळ, पखवाज आणि मोकळे गळे. गेल्या वर्षी मी माझी चांगली स्केलचेंजर घेऊन गेलो. पण वडिलांची जुनी पेटी आधीच मांडलेली होती आणि नववीतला एक मुलगा ती वाजवत होता. मधली एक पट्टी बसलेली, उठतच नव्हती. तरी अभंग कुठे अडत नव्हता. मी वाकून त्याची बोटं पाहिली. त्या सुराजवळ आला की तो शेजारच्या सुरावर क्षणभर टेकायचा आणि पुढे जायचा. मंडळाचा आवाज मधली जागा भरून काढायचा.

अभंग संपल्यावर मी विचारलं, ‘‘ही वाजत नाही, मग कसं करतोस रे?’’

‘‘ती बुवा म्हणतात की,’’ तो म्हणाला.

मी माझी पेटी खोक्यातून काढलीच नाही. मागे जाऊन टाळ घेतले.