चिखलणीच्या ट्रॅक्टरची चाके

पवनी तालुक्यातील कोंढ्याच्या शिवारात ट्रॅक्टरच्या चाकांची खरी परीक्षा आषाढात, रोवणीच्या तोंडावर होते. बर्फाच्या देशांत तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले की मऊ रबराचे हिवाळी टायर चढवतात. धानपट्ट्यात ऋतू पाहून चाक बदलायचे ते चिखलणीसाठी. जिथे गोसेखुर्द धरणाच्या कालव्याचे पाणी मिळून उन्हाळी धान होतो, तिथे ही वेळ वर्षातून दोनदा येते.

मागच्या टायरवर १३.६-२८ असे आकडे असतात. पहिला टायरची रुंदी सांगतो, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. धानाच्या बांधीसाठी मात्र आकड्यांइतकेच टायरवरचे तिरपे उंचवटे पाहावेत. ते झिजले की मधल्या खाचा चिखलाने भरतात आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. धानासाठी जास्त उंच उंचवट्यांचे टायर मिळतात, पण डांबरी रस्त्यावर ते लवकर झिजतात. वर्षभर ट्रॉली ओढणाऱ्याने साधे टायर ठेवून चिखलणीपुरते केजव्हील लावणे परवडते. टायर चढवताना बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेने हवा. मागे उभे राहून पाहिले की उंचवट्यांचे टोक वर दिसले पाहिजे. उलटा बसला तर चिखल बाहेर फेकला जात नाही.

केजव्हील म्हणजे लोखंडी पट्ट्यांचे पोकळ चाक. ते टायरच्या बाहेरून जोडतात किंवा टायर काढून त्याच्या जागी बसवतात. नट थोडे काम झाल्यावर पुन्हा आवळावेत. नांगरणीसाठी टायरमध्ये भरलेले पाणी आणि चाकाला लावलेली वजने चिखलणीआधी काढावीत, कारण जादा वजन ट्रॅक्टरला खाली बसवते. केजव्हील लावून रस्त्यावर जाऊ नये. डांबर उखडते आणि चाकाची पकडही राहत नाही.

सर्वांत मोठा धोका ट्रॅक्टर फसल्यावर असतो. चाक नुसते फिरू लागताच रेस सोडावी. वाढवली तर ते आपल्याच खड्ड्यात धुऱ्यापर्यंत उतरते. एकच चाक फिरत असेल तर थांबून डिफरन्शियल लॉक लावावे आणि सरळच चालवावे. मागच्या चाकांना ओंडका बांधून बाहेर काढण्याची जुनी खटपट जिवावर बेतते. ओंडक्याने चाके अडतात, इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे धूडच धुऱ्याभोवती फिरवतो, पुढची चाके उचलली जातात आणि क्लच दाबायच्या आत ट्रॅक्टर चालकावर उलटतो. म्हणून अवजार सोडवून हळू मागे घेऊन पाहावे. नाहीच निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावा. दोर धुऱ्याच्या उंचीखाली बांधावा आणि तो ताणलेला असताना जवळ कोणी उभे राहू नये.

काम संपल्यावर केजव्हील उतरवून टायर धुवावेत आणि हवा पुस्तिकेप्रमाणे भरावी. रस्त्यावर निघण्यापूर्वी बांधीत वेगवेगळे वापरलेले दोन्ही ब्रेक कडीने पुन्हा जोडावेत; एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर झटकन एका बाजूला वळतो.