मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा: वचन काय सांगतं?

आजचा शास्त्रभाग: १ करिंथ. १५:१२-३४
मनन: वचन २९



पंधराव्या अध्यायात पौल एकच गोष्ट ठासून मांडतो: ख्रिस्त उठला, म्हणून मेलेलेही उठतील. हे सांगता सांगता २९ व्या वचनात तो मेलेल्यांप्रीत्यर्थ बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख करतो. मेलेले उठणारच नसतील तर ही माणसं हे कशाला करतात, असा त्याचा प्रश्न आहे. या एका वचनावर मॉर्मन लोकांची, म्हणजे चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या मंडळीची, एक मोठी शिकवण उभी आहे. जोसेफ स्मिथ यांनी ती १८४० साली अमेरिकेतल्या नावू गावी जाहीर केली. सुरुवातीला हे बाप्तिस्मे मिसिसिपी नदीत होत; आता फक्त त्यांच्या मंदिरांत होतात. मयताचं नाव घेऊन जिवंत माणूस पाण्यात उतरतो.

हे काही आपल्यापासून लांब राहिलेलं नाही. ह्यू फिंडले नावाचे त्यांचे मिशनरी १८५२ सालीच मुंबईला आले होते आणि पुढे पुण्यातही त्यांनी काम केलं. बंगळुरूला मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली. तिथेच नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने परवा फोन केला, "मामा, मोठ्या आजीचं पूर्ण नाव, जन्मसाल, सगळं पाठवा. तिचा बाप्तिस्मा करता येतो म्हणतात."

खरं सांगतो, मी लगेच बोलू शकलो नाही. माझी आजी अमळनेर तालुक्यातली. दर आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरायची. सुवार्ता तिच्या कानी कधी पडलीच नाही. जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या कितीतरी घरांत विश्वासात आलेली ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. त्यामुळे हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही, काळजाचा आहे.

आधी त्यांची बाजू नीट समजून घेऊ. ते म्हणतात, पाण्याने व आत्म्याने जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही (योहान ३:५), आणि मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली गेली (१ पेत्र ४:६). शिवाय हा बाप्तिस्मा मयतावर लादला जात नाही. तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्याने ठरवायचं, असं ते मानतात.

आता बिरुयाच्या लोकांसारखं शास्त्र उघडून पाहू (प्रे. कृत्ये १७:११).

१) सर्वनामाकडे लक्ष द्या. २९ व्या वचनात पौल "ते" म्हणतो आणि ३० व्या वचनात लगेच "आम्ही" म्हणतो. तो दुसऱ्यांच्या प्रथेचा दाखला देतोय. ती प्रथा पाळा अशी आज्ञा देत नाही. संपूर्ण नव्या करारात अशी आज्ञा दुसरीकडे कुठेही नाही. एका अवघड वचनावर अख्खा विधी कसा उभा करायचा?

२) याच पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्ताने त्याला बाप्तिस्मा करायला नाही, तर सुवार्ता सांगायला पाठवलं (१:१७). मयताची सुटकासुद्धा बाप्तिस्म्यावर अडून असती, तर तो असं बोलला असता का?

३) वधस्तंभावरच्या चोराला पाण्यात उतरायला वेळच मिळाला नाही. तरी त्याच दिवशी सुखलोकात असण्याचं वचन प्रभूने त्याला दिलं (लूक २३:४३).

४) कोणी आपल्या भावाची खंडणी भरू शकत नाही (स्तोत्र ४९:७). मरणानंतर न्याय आहे (इब्री ९:२७). श्रीमंत आणि लाजर यांच्या दाखल्यात मधली दरी ओलांडता येत नाही (लूक १६:२६).

५) मॉर्मनच्या पुस्तकात या विधीची शिकवण नाही. उलट त्यातल्या आल्माच्या ३४ व्या अध्यायात हे जीवन हाच देवाला भेटण्याच्या तयारीचा काळ आहे असं सांगितलंय.

आणि १ पेत्र ४:६? तिथे सुवार्तेचा उल्लेख आहे, पण दुसऱ्याने घेतलेल्या बाप्तिस्म्याचा एक शब्दही नाही.

मग आजीचं काय? अब्राहामाने देवाला विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय (उत्पत्ती १८:२५). मी तिथेच थांबतो. ती तरली असं म्हणायचा मला अधिकार नाही, आणि हरवली असं म्हणायचाही नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखणाऱ्याच्या हातात ती आहे. तो अन्याय करत नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

भाच्याला मी प्रेमाने हेच सांगितलं, वाद घातला नाही. नाव पाठवलं नाही. तुमच्या घरी असा प्रश्न आला तर तुम्हीही रागावू नका. त्यामागे मेलेल्या माणसावरची माया आहे. पण त्या मायेचा उपयोग जिवंतांसाठी करा. घरातल्या ज्या काका-काकूंनी, मावश्यांनी अजून ऐकलेलं नाही, त्यांच्याकडे या आठवड्यात जाऊन या.

प्रार्थना: हे न्यायी आणि दयाळू पित्या, आमची गेलेली माणसं आम्ही तुझ्या हाती सोपवतो. जे आहेत त्यांच्याकडे जायला आम्हाला पाय दे आणि बोलायला धीर दे. येशूच्या नावाने, आमेन.